मिटल्या डोळ्यांचा फोटो

प्रताप नगर, नागपूर
८ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

पत्र पाहून हसाल. फोन करून पाहिला, पण तुमच्या कानाचं काय सांगू! मी म्हणते, 'मामा, मी दीक्षा,' अन् तुम्ही म्हणता, 'सिलेंडर कालच आलं,' अन् ठेवून देता. मामी घरी नसली की तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून हे पत्र पंकजच्या हाती पाठवून राहिली. तो प्रीतमच्या टाइल्सच्या दुकानात कामाले आहे, रोज कन्हानवरून येणं-जाणं करते. तुमचं उत्तर बी त्याच्याच हाती द्या.

तुम्ही स्टुडिओ बंद केला तेव्हा तिथला कॉम्प्युटर मले देऊन दिला होता, 'टायपिंग-गिपिंग शिक' म्हणून. तो बाहेरच्या खोलीत चादरीखाली पडला होता. मागच्या हप्त्यात झटकून सुरू केला. आवाज पिठाच्या चक्कीसारखा करते, पण चालते. त्यात तुमचं फोटोशॉप सेव्हन अजून आहे. ते मले शिकवा.

काहून, ते सरळच सांगते. मले माझ्या पोरीचे डोळे उघडायचे आहेत.

तुम्ही दवाखान्यात आले होते, पण तुम्हाले आत जाऊ दिलं नव्हतं. सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत राहिली, अन् पेटीतूनच गेली. हातातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ दीक्षा' एवढंच होतं, नाव ठेवायची पाळीच आली नाही. तिले डोळे उघडलेली मी पाहिलीच नाही. प्रीतमनं नर्सच्या हातापाया पडून एक फोटो काढला होता. तेवढा एकच. त्याचा तो मोबाईल एक्सचेंजमध्ये गेला, पण मले पाठवलेला फोटो माझ्याजवळ आहे.

चौदा नोव्हेंबरले वर्ष होते. मले तिचं पुण्यानुमोदन करायचं आहे. भंतेजी बोलवायचे, चार लोक बोलवायचे, फोटोसमोर मेणबत्ती लावायची. सासूबाई म्हणतात, 'नाव नाही, गाव नाही, तिचा कसला कार्यक्रम?' मी रडली तेव्हा म्हणाल्या, 'बरं बाई, पण डोळे मिटलेला फोटो माझ्या भिंतीवर लागणार नाही. तो मेलेल्याचा फोटो होते. डोळे उघडे असलेला आण, मग पाहू.' आमच्या भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, सासरे आहेत, सासऱ्यांचे बाबा आहेत. त्या लाइनीत माझी पोरगी पाहिजे. ती होऊन गेली, एवढं तरी लोकांनी मानावं.

धरमपेठेतल्या एका दुकानात गेली होती. तिथला म्हणे, 'मॅडम, आता हे एआयनं होते, चहा पिऊन या.' चहा पिऊन आली तं स्क्रीनवर गोरंपान, गुबगुबीत, घाऱ्या डोळ्यांचं पोट्टं हसून राहिलं. मामा, त्यानं तिले दात बी देऊन दिले!

तुम्ही कितीतरी गेलेल्या लोकांचे डोळे फोटोत उघडून दिले. मी लहानपणी तुमच्या मागे स्टुलावर बसून पाहिलं आहे. मामीले नमस्कार.

तुमची,
दीक्षा


कन्हान
१३ सप्टेंबर

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

सिलेंडर खरंच आदल्या दिवशी आलं होतं. त्यात माझी काय चूक?

तुझं पत्र वाचलं. मग म्हटलं, पोरगी शिकते म्हणते, तिले नाही म्हणणारा मी कोण. फोटो इकडे पाठव, मी करून देतो, असं लिहिणार होतो. पण या हाताचं काय करू? चहाचा कप बशीत ठेवतो तं इंदूबाई आतून म्हणते, भूकंप आला का. या हातानं माऊस धरला तं बाण सारा स्क्रीन फिरून येईल. माझं अक्षर पाहूनच तुले समजलं असेल.

म्हणून तूच कर. अन् एआयच्या नादी लागू नको. ते काही तुझ्या पोरीले पाहत नाही, जगातल्या साऱ्या पोरांची खिचडी करून तुझ्या ताटात वाढते.

आता ऐक. पहिला धडा. तुझ्या पोरीच्या फोटोले अजून हात लावायचा नाही. डी ड्राइव्हवर 'घरचे' नावाचं फोल्डर आहे. त्यातला कोणताही फोटो घे अन् त्याच्यावर हात बसव. फोटो उघडला की उजव्या बाजूले लेयरची खिडकी दिसेल. लेयर म्हणजे काच. फोटोवर काच ठेवायची अन् सारं काम काचेवर करायचं. बिघडलं तं काच फेकून द्यायची, खालचा फोटो जसाचा तसा राहते. हे समजलं तं अर्धं फोटोशॉप समजलं. बाकीचं अर्धं समजायले माझी उमर गेली.

लॅसो म्हणून दोरीसारखं हत्यार आहे. त्यानं डोळ्याच्या भोवती गोल ओढायचा. पापणीच्या जवळून नाही, थोडं दुरून. मग फेदर द्यायचा, म्हणजे कडा पुसट होते. कडा कडक राहिली तं डोळा चिकटवलेला दिसते. मागे घ्यायचं असलं तं हिस्ट्रीत जायचं, पण जास्त मागे जाता येत नाही. जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याची आठवण माझ्यासारखीच कमी.

घाई करू नको. जेवत जा. इंदूबाई विचारते, अंगावर काही चढलं का तुझ्या.

तुझा,
चंपतमामा


प्रताप नगर
२६ सप्टेंबर

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचा धडा रोज दुपारी गिरवून राहिली. सासूबाई झोपल्या की बसते. पहिल्या दिवशी तुमच्याच फोटोवर हात बसवला, राग मानू नका. तुमचा एक डोळा कपाळावर गेला, मग तो आणायच्या भानगडीत मिशी गायब झाली. मी एकटीच हसली. किती दिवसांनी हसली, मग आपल्याच हसण्याचं वाईट वाटलं.

नंतर प्रीतमचा पासपोर्ट फोटो घेतला अन् त्याचे डोळे काढून सासूबाईंच्या चेहऱ्यावर लावले. ते मात्र असे बसले की विचारू नका. मायलेकाचे डोळे एकच आहेत, मले लग्नाच्या इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं. फेदरचं गणित आता समजलं. पण कॉम्प्युटर मधातच अडकते. एकदा तं सारं केलेलं गेलं. मी टेबलावर हात आपटला, सासूबाई उठल्या, म्हणाल्या, 'त्या डबड्यापायी जीव देशील का?'

प्रीतम फोटोकडे पाहत नाही, मामा. मी स्क्रीनवर काढला की बाहेर जाते. त्यानंच काढलेला फोटो आहे, अन् तोच पाहत नाही.

आता मले सांगा, डोळे कोणाचे घ्यायचे? ते तुम्ही लिहिलंच नाही. प्रीतमचा लहानपणचा एक बी फोटो नाही. त्यांच्याकडे फोटो काढायची ऐपतच नव्हती. इंटरनेटवरून घेऊ का?

दीक्षा


कन्हान
३ ऑक्टोबर

चि. दीक्षास,
जयभीम.

माझी मिशी घालवली! त्या मिशीवर तुझी मामी भाळली होती. म्हणजे मी म्हणतो, ती मानत नाही.

इंटरनेटचे डोळे अजिबात घ्यायचे नाहीत. डोळे घरचेच लागतात. रक्ताचे. माझे गुरू धोंडबा पेंटर सांगायचे, मेलेल्या माणसाले परक्याचे डोळे लावले तं तो भिंतीवरून घरच्या लोकांकडे पाहुण्यासारखा पाहते. भावाचे घ्या, बहिणीचे घ्या, मायचे घ्या. तुझ्या पोरीले तुझेच डोळे लागतील.

'घरचे' फोल्डरमध्ये 'दीक्षा सहा महिने' म्हणून फोटो पाहाय. तुझी माय तुले घेऊन आमच्या स्टुडिओत आली होती, तेव्हा मी काढला होता, मग नंतर स्कॅन केला. तू कॅमेऱ्याकडे अशी टकामका पाहून राहिली होती की माझंच मन हललं. ते डोळे घे. सहा महिन्यांचे डोळे नव्या लेकराच्या मानानं मोठे होतील. कंट्रोल-टी दाबून लहान कर, दोन्ही बाजूंनी सारखे.

काम झालं की साऱ्या काचा एकात एक करून सेव्ह करायचं. मग एक शेवटचा कायदा आहे. हा कोणत्या पुस्तकात नाही. धोंडबांचा आहे, अन् मी साऱ्या उमरीत एकदाही मोडला नाही. डोळे उघडले की मिटल्या डोळ्यांचा फोटो राहू द्यायचा नाही. निगेटिव्हच्या जमान्यात आम्ही घरच्या लोकांसमोर निगेटिव्ह कैचीनं कापत होतो. मग कॉम्प्युटर आला तं फाइल काढून टाकायची, कचराकुंडी बी रिकामी करायची. मोबाईलमध्ये असलं तं तिथून बी. एका घरात एका माणसाचे दोन चेहरे राहू नयेत. राहिले तं माणूस उघडा पाहते, मिटलेला पाहते, पुन्हा उघडा पाहते, अन् त्याचं रडणं संपत नाही. काढून टाकला की घर पुढं जाते. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण ते सारं काम नीट झाल्यावर.

तुझा,
चंपतमामा


प्रताप नगर
१६ ऑक्टोबर

आदरणीय मामा,
जयभीम.

दसऱ्याले घर पाहुण्यांनी भरून गेलं होतं. उमरेडची मंडळी, चंद्रपूरची मंडळी, सारे दीक्षाभूमीवर आले अन् मुक्कामाले आमच्याकडे. स्वयंपाक करता करता माझे हात सुजले. एका बाईनं विचारलं, 'काहो, तुम्हाले लेकरू?' मी काही बोलायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, 'अजून नाही.' मामा, अजून नाही! मी पोळी तव्यावरच जाळून टाकली.

पाहुणे गेले अन् मी कामाले बसली. माझा फोटो सापडला. तुमच्या स्टुडिओतला निळा पडदा, माझ्या गालावर काजळाचा टिक्का. डोळे घेतले, लहान केले, लावले. बसले, मामा. तुम्ही सांगितलं तसे. पापण्यांची कातडी हिलिंग ब्रशनं जुळवली. हे एकच हत्यार असं आहे की त्यानं काम केलं तं वाटते, आपण काहीतरी बरं करून राहिलो.

पण दोन गोष्टी आहेत. एक तं ती माझ्याकडे पाहत नाही. थोडं बाजूले पाहते, जसं मी तुमच्या कॅमेऱ्याकडे पाहत असेन तसं. दुसरं म्हणजे, मी खूप मोठं करून पाहिलं तं तिच्या बुबुळात पांढरा चौकोन दिसला. आधी समजलंच नाही. मग ध्यानात आलं, तो तुमच्या स्टुडिओचा लाइट आहे. माझ्या पोरीनं दवाखान्याच्या बाहेरचा उजेड पाहिला नाही अन् तिच्या डोळ्यात कन्हानचा स्टुडिओ आहे. तो चौकोन पुसू का?

आणखी एक. तो कायदा पाळलाच पाहिजे का? मिटलेला फोटो राहू दिला तं चालणार नाही का, कुठं तरी आत, कोणाले न दाखवता? प्रीतम म्हणते, मामा म्हणतात ते बरोबर आहे, तू दिवसभर तोच फोटो घेऊन बसते, जेवत नाही, बोलत नाही. तो म्हणाला, 'तू तिच्यात अडकून गेली दीक्षा.' खरं असेल. पण मी तिच्यात नाही तं कोणात अडकू?

दीक्षा


कन्हान
२१ ऑक्टोबर

चि. दीक्षास,
जयभीम.

चौकोन पुसू नको. तो पुसला तं डोळा मरते. डोळ्यात उजेड असला तरच तो डोळा, नाहीतर काळी गोटी. नजर बाजूले जाऊन राहिली असेल तं दोन्ही बुबुळं जराशी आत सरकव. जराशीच. लय सरकवली तं तिरळी होईल.

कायद्याचं विचारलं. मी तुझा मामा आहे, तुझं वाईट सांगणार नाही. प्रीतमचं बरोबर आहे. आत कुठं तरी ठेवलेला फोटो आत राहत नाही, पोरी. तू रोज तो काढशील. तुझं वय काय, पुढं सारं आयुष्य पडलं आहे. एकच चेहरा राहू दे, उघड्या डोळ्यांचा. कार्यक्रमाच्या आधी हे उरकून टाक. मन घट्ट कर अन् दाब बटन.

इंदूबाई तुझं पत्र मागून राहिली वाचायले. देऊन देतो.

तुझा,
चंपतमामा


कन्हान
२७ ऑक्टोबर

दीक्षा पोरीस,
इंदूमामीचा जयभीम.

मी सातवीपर्यंत शिकली, तवा अक्षराले हसू नको. तुह्या मामानं मले तुही पत्रं आज देल्ली. दीड महिना लपवून बसला होता, म्हणे तुले तरास होईन. माह्या तरासाची लय काळजी! सारी वाचली. वाचून मी त्याले जे बोलली ते इथं लिहीत नाही.

ऐक वं माय माही. तो मिटल्या डोळ्यांचा फोटो काढून टाकू नको. तुह्या मामाचा कायदा गेला चुलीत.

तुले कोणी सांगितलं नसन. तुही माय बी तवा लहान होती. आमचं पयलं लेकरू झालं अन् गेलं. पोरगा होता. मामानं त्याचा फोटो काढला, बाप असून त्याचा हात तवा स्थिर राह्यला. मग धोंडबाले बसवून डोळे उघडले, बारीक कुंचल्यानं, अन् माह्यासमोर निगेटिव्ह कापली. मी तवा बाळंतीण, मले काय समजते? मले म्हणाले आता हा पाहत जा. मी पाह्यला. रोज पाह्यला. वर्ष झालं, दोन वर्षं झाली. मग एक दिवस मी भांडे घासता घासता त्याले आठवाले गेली तं मले त्याचा चेहराच येईना. फोटोतलाच यायचा, ते कुंचल्याचे डोळे घेऊन. माहं लेकरू मले आठवत नाही वं. मी त्याले नऊ महिने वागवलं, अन् आता माह्या डोक्यात दुसऱ्याच कोणाचं लेकरू बसलं आहे. ट्रंकेतून तो फोटो काढते अन् पाहते अन् म्हणते, हे कोणाचं?

मामाले हे मी कधी सांगितलं नाही. आज सांगितलं. तो बसून आहे अंगणात.

भिंतीवर कोणता लावाचा तो लाव. तुह्या सासूले, त्या प्रेमिलाबाईले, काय म्हणाचं ते म्हणू दे. पण तिचा खरा फोटो जीवापाड जप.

पंकजच्या हाती हे देऊन राहिली. दिवाळीच्या आधी तुह्या हाती पडलं पाहिजे.

तुही,
इंदूमामी


प्रताप नगर
२९ ऑक्टोबर

आदरणीय मामा,
जयभीम.

काम झालं.

पंकज कालपासून दिवाळीच्या सुट्टीवर गेला म्हणते प्रीतम, त्याच्या सासुरवाडीले. तुमचं काही पत्र आलं असेल तं त्याच्याजवळच राहिलं असेल. हे मी पोस्टानं टाकून राहिली.

बुबुळं तुम्ही सांगितली तशी आत घेतली. आता ती समोर पाहते. चौकोन राहू दिला. प्रीतमनं फोटो मोठा करून आणला, फ्रेम केली. सासूबाईंनी फ्रेम हातात घेतली अन् पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, 'अगदी दीक्षा आहे वं!' स्वतः स्टुलावर चढून सासऱ्यांच्या बाजूले लावली. प्रीतमनं बी पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या अरुंधतीताई आल्या, त्या बी म्हणाल्या, 'अगदी तूच.' आता चौदा तारखेचा कार्यक्रम पक्का झाला. भंतेजींना प्रीतम सांगून आला.

तुमचा कायदा बी पाळला. काल दुपारी. प्रीतम बाजूले उभा होता. कॉम्प्युटरमधून काढला, कचराकुंडी रिकामी केली. मोबाईलमधून काढला, मोबाईलच्या कचऱ्यातून काढला, व्हॉट्सअ‍ॅपमधून काढला. प्रत्येक वेळी तो मोबाईल विचारायचा, नक्की काढू का. मी हो म्हणत गेली. झाल्यावर प्रीतमनं डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, 'आता सुटली.'

सारे खुश आहेत. मी बी खुश असायले पाहिजे. सवय नाही म्हणून असेल, पण त्या फ्रेमसमोरून जाताना मी अजून मान खाली घालते. होईल हळूहळू. तुम्ही म्हणता तसं घर पुढं जाते.

तुमचे उपकार कसे फेडू?

दीक्षा


प्रताप नगर
५ नोव्हेंबर

मामा,

पंकजनं आज मामीचं पत्र दिलं. त्याच्या बॅगेतच राहून गेलं होतं, बिचारा माफी मागत होता. त्याची काय चूक.

काढलेली फाइल वापस येते का? एवढंच सांगा. तुमचं सॉफ्टवेअर आहे, तुमचा कॉम्प्युटर आहे, तुम्हाले काही रस्ता माहीत असेल. हिस्ट्रीत पाहिलं, तिथं काही नाही. खालच्या लेयरवर बी नाही, मी सारं एकात एक करून सेव्ह केलं होतं. तुम्हीच सांगितलं होतं शेवटी एक करायचं म्हणून. दवाखान्यात गेली होती, ते म्हणे आम्ही फोटो काढत नाही. प्रीतमच्या जुन्या मोबाईलच्या दुकानात गेली, ते हसले.

आजच्या आज उत्तर द्या. पंकजले थांबवून ठेवलं आहे.

दीक्षा


कन्हान
५ नोव्हेंबर

दीक्षा,

कॉम्प्युटर बंद कर. आत्ताच. त्याच्यावर काहीच करू नको, जेवढं त्याच्यावर काम करशील तेवढं पुसल्या जाईल. सीताबर्डीवर गेलेली फाइल काढून देणारे लोक बसतात. प्रीतमले म्हण, आतली हार्ड डिस्क काढून तिकडे ने.

मले दुसरा रस्ता माहीत नाही. आमच्या धंद्यात काढून टाकायचं शिकवलं, वापस आणायचं कोणी शिकवलं नाही. इंदूबाई माझ्याशी बोलत नाही.

चंपत


प्रताप नगर
१९ नोव्हेंबर

मामा, मामी,
जयभीम.

हे पत्र दोघांनी वाचा. मामी, तुम्ही मोठ्यानं वाचू नका, मामांच्या हातात द्या.

सीताबर्डीवाल्यानं हार्ड डिस्क हप्ताभर ठेवून घेतली. मग बोलावलं. मी अन् प्रीतम गेलो. त्यानं स्क्रीनवर एकेक फोटो काढायले सुरुवात केली. मामा, सारे तुमचे निघाले. तुम्ही काढून टाकलेले. म्हातारे, बाया, कापूस घातलेलं नाक, हनुवटीले बांधलेला रुमाल, सारे मिटल्या डोळ्यांचे. एकामागून एक येतच राहिले. तो माणूस घाबरला, म्हणाला, 'हे काय आहे, ताई?' मी म्हटलं, माझ्या मामांचं गिऱ्हाईक आहे. सारे आले. मी प्रत्येक चेहऱ्यावर म्हणायची, आता ती येईल.

ती बी आली. अर्धी. वरची टोपी आली, कपाळ आलं, भुवयांपर्यंत आली. त्याच्या खाली सारा राखाडी पट्टा. तो म्हणाला, मी नंतर जे सेव्ह केलं ते तिच्यावर बसलं. म्हणजे उघड्या डोळ्यांचा फोटोच मिटल्यावर बसला. प्रीतमनं त्याले पुन्हा पुन्हा विचारलं. तो भला माणूस होता, पुन्हा करून पाहिलं. तेवढंच आलं.

मले तिचं कपाळ मिळालं आहे. मी ते पेन ड्राइव्हमध्ये ठेवलं आहे.

कार्यक्रम चौदा तारखेले झाला. बंद कर म्हणायची माझी हिंमत नव्हती अन् इच्छा बी नव्हती, लोक बोलावलेले होते. भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं. लोकांनी एकेक करून फोटोसमोर मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, हात जोडले. सासूबाई साऱ्यांना सांगत होत्या, 'माझी नात. अगदी सुनेवर गेली होती.' त्या दिवशी त्यांनी 'अजून नाही' म्हटलं नाही. माझं जे मागणं होतं ते सारं मिळालं. ती लाइनीत आहे, लोकांनी मानलं, अन् ती मी आहे, सहा महिन्यांची. मी माझ्याच पुण्यानुमोदनाले बसली होती. खीर वाढत होती अन् मले वाटत होतं की मोठ्यानं ओरडून सांगावं, ही ती नाही, पण ती कशी होती हे कोणी विचारलं असतं तं मी काय सांगितलं असतं?

मामा, तुम्ही अंगणात बसून राहू नका. मी तुमच्यावर रागावली नाही. रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बटन मी दाबलं होतं. मामी, तुम्ही त्यांच्याशी बोला. तुमच्याजवळ एकमेकांशिवाय काय आहे?

मी मागे फिरायचा बी प्रयत्न केला. डोळे पुन्हा मिटवून पाहिले. प्रीतमनं माझा झोपेतला फोटो काढला, माझ्या पापण्या घेऊन मी तिच्यावर लावल्या. फेदर नीट दिला, कातडी जुळवली. हात आता चांगला बसला आहे, मामा, तुम्ही पाहिलं असतं तं शाबासकी दिली असती. ती झोपलेली दिसली. गोड दिसली. पण ती तशी नव्हती. कशी नव्हती तेवढं समजते, कशी होती ते येत नाही. मी ती फाइल काढली नाही, ठेवली बी नाही, कॉम्प्युटर तसाच बंद केला. तो आता तुमच्याकडे परत पाठवून राहिली. पंकज टेम्पो घेऊन येईल.

प्रीतम म्हणते, डॉक्टरकडे जाऊ, पुढचा विचार करू. मी हो म्हटलं. त्याच्याशी वाद घालायले ताकद नाही.

मामी, तुम्ही लिहिलं होतं, दोन वर्षं लागली. मले तेवढी लागली नाहीत. काल दुपारी मी पडली होती, डोळे मिटले, अन् तिले आठवायले गेली. काचेची पेटी आली, निळा उजेड आला, हातातली पट्टी आली. मग ती आली, अन् माझ्याकडे टकामका पाहून राहिली होती. तिनं मले कधी पाहिलंच नव्हतं, मामी.

तुमची,
दीक्षा